बोन्सायची पहिली कुंडी घडवताना

पहिल्याच कुंडीसाठी साचा करण्याच्या खटाटोपात पडू नये, असे माझे मत आहे. स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजून कठीण होणाऱ्या) मातीची साधारण 8 ते 10 मिलिमीटर जाडीची पोळी लाटून, ती किंचित घट्ट झाल्यावर भिंती कापाव्यात आणि सांधे खरवडून मातीच्या पातळ लगद्याने जोडावेत. साचा हवाच असेल, तर प्लास्टरचा खोलगट घ्यावा, कारण आकसणारी माती त्यापासून आपोआप सुटते, मात्र उपड्या साच्यावर जास्त वेळ राहिल्यास तडकते. ठाण्याच्या पावसाळी हवेत भिंती कोरड्या दिसल्या तरी तळ ओलसरच असतो, म्हणून कुंडी प्लास्टिकने सैल झाकून, जाळीवर सावकाश वाळवावी (पंख्याचा मोह टाळावा). निचऱ्याची व झाड बांधायच्या तारेची छिद्रे भाजल्यावर लहान होतात, हे धरूनच पाडावीत. आतून ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) देऊ नये.