नव्या गाडीचे मडफ्लॅप घरी बसवता येतील का? दुकानदार म्हणतो ड्रिल मारावं लागेल

तुम्ही लिहिलंय की हॅचबॅक नवी आहे, त्याच मॉडेलचे मोल्डेड (त्या गाडीच्या आकाराप्रमाणे घडवलेले) मडफ्लॅप, म्हणजे चाकामागे चिखल अडवायला लावतात ते, मागवून ठेवलेत आणि बसवणारा "पत्र्याला भोकं पाडावी लागतील" म्हणतोय. पत्र्याला भोक पाडू देऊ नका. बाकीचं काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये आरामात होतं. पहिलीच वेळ असेल तर चारही चाकांचे मिळून दोन तास धरा.

एवढ्या आग्रहाने सांगतेय, कारण आधीच्या गाडीला मी हीच चूक होऊ दिली. कुठल्याही गाडीला चालतील असे रबरी फ्लॅप घेतले. दुकानातल्या मुलाने मागच्या चाकावरच्या कमानीच्या कडेला ड्रिल मारलं, साधे स्क्रू पिळले, पंधरा मिनिटांत मोकळा. तिसऱ्या पावसाळ्यानंतर एक फ्लॅप लोंबायला लागला म्हणून काढायला गेले, तर स्क्रूचं डोकं हातात आलं. भोकाभोवतीचा रंग पापडासारखा फुगला होता, नखाने टोकरल्यावर खालून लाल भुगा पडला. आपल्या मुंबईच्या हवेत दमटपणा आहे आणि खारही आहे. रंग एकदा फुटला की गंज आतल्या आत सरकत जातो. बाहेर दिसेपर्यंत बराच पत्रा खाऊन झालेला असतो.

मोल्डेड फ्लॅपला बहुतेक वेळा ड्रिल लागतच नाही. चाकाच्या कमानीत आतून जे काळं प्लास्टिक असतं, ते लायनर, कंपनीने स्क्रूंनी आणि क्लिपांनी बसवलेलं असतं. तेच स्क्रू काढायचे, फ्लॅप वर ठेवायचा आणि त्याच भोकांतून परत आवळायचे. फ्लॅप आधी नुसता जागेवर धरून बघा, भोकं जुळतात की नाही ते लगेच कळतं. एखादं भोक नसेल आणि ते लायनरला किंवा बंपरच्या प्लास्टिकला पाडायचं असेल तर हरकत नाही, प्लास्टिकला गंज धरत नाही. फक्त मागे वायर किंवा पत्रा नाही ना, हे हात घालून चाचपून घ्या.

सामान थोडंच लागतं: फुलीचा स्क्रूड्रायव्हर, त्यातला एक आखूड दांड्याचा, १० नंबरचा पाना (काही गाड्यांत स्क्रूऐवजी छोटा बोल्ट असतो), टॉर्च, बसायला जुनी चटई. लायनरच्या चार-पाच क्लिपा जास्तीच्या आणून ठेवा, काढताना एखादी तुटतेच. कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जुनी क्लिप दाखवली की तशीच मिळते. स्क्रू बदलायचे झाले तर स्टेनलेस स्टीलचे घ्या.

सुरुवात पुढून करा, कारण पुढे जॅक लावावा लागत नाही. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. डाव्या चाकाचं काम करताना स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवा. टायरची मागची बाजू आत जाते आणि हात घालायला जागा होते. उजवीकडे याच्या उलट.

आता साफसफाई, आणि इथे मात्र अजिबात घाई नको. आम्ही भांडुपला राहतो. एलबीएस रोडवर मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून गाडीखाली निव्वळ माती येत नाही, सिमेंट मिसळलेला चिखल येतो. मी लायनरचा खालचा स्क्रू काढून कड जरा ओढली, तर आतून ओंजळभर ओला गाळ आणि कुजलेली गुलमोहराची पानं बदकन खाली पडली. गाडी तेव्हा जेमतेम वर्षाची होती. तुमची नवी असली तरी एक पावसाळा काढला असेल तर आत बघाच. हा गाळ तसाच ठेवून वर फ्लॅप आवळला, तर गाडी हलेल तशी ती रेती रंगावर पॉलिश पेपरसारखी घासत राहते. पाण्याने धुवा, कोरडं पुसा, आणि फ्लॅपची कड जिथे रंगाला टेकते तिथे पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्मची बोटभर रुंद पट्टी चिकटवा.

स्क्रू लावताना सासऱ्यांनी शिकवलेली एक गोष्ट: स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवायचा. टिक् असं जाणवतं, म्हणजे तो जुन्या आट्यांत बसला. मग सुलटा आवळायचा. सरळ पिळला तर प्लास्टिकमध्ये नवे आटे पडतात आणि दोन-तीन वेळांत भोक सैल होतं. सगळे स्क्रू अर्धे लावून फ्लॅप सरळ करा, मगच शेवटचा पीळ द्या. फार आवळलंत तर प्लास्टिक चिरतं.

मागची चाकं वळत नाहीत, म्हणून आखूड स्क्रूड्रायव्हर. तरी हात पोचला नाही तर चाक काढावं लागेल. नट आधी जमिनीवरच सैल करा, पुढच्या चाकांना विटा लावा. पेव्हर ब्लॉकवर जॅक रुततो, त्याखाली जाड फळी ठेवा. आणि जॅकवरच्या गाडीखाली डोकं किंवा खांदा घालू नका, कितीही थोडक्यासाठी असलं तरी.

झाल्यावर स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर घासत नाही ना बघा. मग चार माणसं बसवून पार्किंगच्या उतारावरून एक फेरी मारा, कारण मागचा फ्लॅप वजनानेच खाली येतो. आठवड्याभराने स्क्रू पुन्हा एकदा तपासा.

फ्लॅपमुळे दारांचा खालचा भाग आणि दारांखालची पट्टी खडी-चिखलापासून बऱ्यापैकी वाचते. पण मला जास्त बरं वाटतं ते मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यांसाठी. जुलैमध्ये ऑफिसला निघालेल्या माणसाच्या छातीवर आपल्या चाकाचं पाणी उडणं आरशात मी खूपदा पाहिलंय.

एक सवय मात्र बदलावी लागेल: रिव्हर्स घेताना चाक पार्किंगच्या स्टॉपरला (चाक अडवायला जमिनीवर बसवलेल्या ठोकळ्याला) टेकेपर्यंत गाडी मागे नेऊ नका. फ्लॅप स्टॉपरच्या मागे अडकतो आणि पुढे निघताना क्लिपांसकट उपटून येतो. वीतभर आधी थांबा.