शिसारी येते, करता येत नाही

‘शिसारी’ आणि ‘किळस’ यांत काही फरक आहे का, आणि ‘मी लाचखोरीची शिसारी करतो’ असे वाक्य चालेल का, अशी विचारणा एका वाचकाने केली आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: चालणार नाही. शिसारी येते, वाटते, कधी बसते. ती कोणी करत नाही. जिला ती येते त्या व्यक्तीला ‘ला’ लागतो आणि जिच्यामुळे येते ती गोष्ट षष्ठीत किंवा तृतीयेत राहते: ‘मला त्या वासाची शिसारी आली’, ‘त्या वासाने शिसारी आली’. तिरस्कार, द्वेष, हेटाळणी या करण्याच्या गोष्टी आहेत, कारण त्यांत माणसाचे मत आणि इच्छा गुंतलेली असते; शिसारीला मत विचारले जात नाही.

आमरसाची वाटी अर्धी संपल्यावर तळातून लांब केस वर यावा, तोंडातला घास गिळवू नये आणि थुंकवतही नाही अशी अवस्था व्हावी, खांदे आपोआप आखडावेत, हा शिसारीचा नेमका प्रसंग. अजून ओकारी झालेली नाही, उमासेही आलेले नाहीत, पण शरीराने त्या वस्तूला नकार दिलेला आहे. किळस हा शब्द याहून पसरट आहे. पाल समोर नसतानाही ‘मला पालीची किळस वाटते’ असे निवांतपणे सांगता येते. ‘शिसारी आली’ म्हणताना मात्र बहुधा काहीतरी नुकतेच पाहिलेले, हुंगलेले किंवा चाखलेले असते. तापात दुधाबरोबर कडू औषध घेतले आणि पुढे दूध नकोसे झाले, तर दुधाची शिसारी ‘बसली’ असे म्हणतात. तिथे तो क्षण सवयीत मुरलेला असतो.

शिरशिरीशी या शब्दाची गल्लत करू नये. शिरशिरी थंडीने किंवा भीतीने येते, तिच्यात घाणीचा संबंध नसतो. रक्त पाहून बहुतेकांच्या अंगावर काटा येतो, पण शिसारी येतेच असे नाही. किड्यांनी वळवळणारे खरकटे पाहून मात्र येते. गंमत म्हणजे हा भेद भरताच्या नाट्यशास्त्रातही केलेला आहे. जुगुप्सा म्हणजे किळस हा स्थायीभाव, म्हणजे मूळ भावना, असलेल्या बीभत्स रसाचे प्रकार सांगताना तिथे रक्तादिकांमुळे होणारा तो क्षोभज आणि विष्ठा व कृमी यांमुळे होणारा तो उद्वेगी, अशी वाटणी आहे. आपली शिसारी या उद्वेगी बीभत्साच्या अंगणातली, असे मला वाटते.

घृणेची कथा निराळी आहे. संस्कृतात ‘घृणा’ म्हणजे दया, कणव असाही अर्थ होतो, आणि म्हणूनच ‘निर्घृण हत्या’ म्हणजे किळस न येता केलेली नव्हे, तर दयामाया न दाखवता केलेली हत्या. मराठीत घृणेचा आज फक्त तिटकाऱ्याचा अर्थ उरला आहे, आणि ‘मी त्याची घृणा करतो’ ही रचना हिंदीच्या वळणाने ऐकू येते. वाचकाची ‘शिसारी करतो’ ही रचनाही याच साच्यातून आली असावी. वीट आणि उबग यांना तर या पंक्तीत बसवूच नये: वीट चांगल्या गोष्टीचाही येतो, रोज श्रीखंड वाढले तर श्रीखंडाचाही.

मग लाचखोरीचे काय? ‘मला त्या लाचखोरीची शिसारी येते’ हे वाक्य लाक्षणिक अर्थाने निर्दोष आहे, पण ते ठोस प्रसंगाजवळ जास्त शोभते. मयताच्या दाखल्यासाठी आलेल्या विधवेपुढे कारकुनाने टेबलाखालून हात पुढे केला, हे पाहून शिसारी येते. एकूण भ्रष्टाचाराबद्दल बोलायचे असेल, तर चीड किंवा तिटकारा हे शब्द अधिक नेमके आहेत.

विशेषणाची अडचण मात्र राहतेच. केविलवाणा, लाजिरवाणा यांच्याप्रमाणे किळसवाणा होतो, पण ‘शिसारीवाणा’ कोणी म्हणत नाही. तिथे ‘शिसारी आणणारा’ असेच लिहावे लागते. लिंगाच्या बाबतीत उलट आहे: ‘किळस आला’ आणि ‘किळस आली’ दोन्ही कानावर पडते, शिसारी मात्र नेहमी स्त्रीलिंगीच.