कारल्यातील फळमाशी : माशी घरी वाढवू नका

प्रश्न : आमच्या गटाची मांडवावर कारली आणि काकडी आहे. बरीच फळे डागतात, वाकडी होतात. प्रयोगशाळेत कृत्रिम खाद्यावर माशी वाढवून नपुंसक नर सोडतात (त्यांच्याशी मिलन झालेल्या मादीची अंडी उबत नाहीत), असे कळले. कोंडा, यीस्ट दुकानदार द्यायला तयार आहे. खाद्य कसे करावे? तोवर दर चार दिवसांनी फवारा, असे तो म्हणतो. त्याने दिलेल्या सापळ्यांत माशी येत नाही.

उत्तर : माशी वाढवायच्या भानगडीत पडू नका. गव्हाचा कोंडा, साखर, यीस्ट, बुरशी रोखायला सोडियम बेंझोएट, आंबटपणाला सायट्रिक आम्ल आणि पाणी, एवढेच ते खाद्य. खरी अडचण प्रमाणाची. बेंझोएट कमी पडले की बुरशी, जास्त झाले की अळ्या खुरटतात. तेही जमले, तरी माशी बाहेर पडण्याच्या साधारण दोन दिवस आधी कोषांना किरणोत्सर्ग द्यावा लागतो. मात्रा कमी पडली तर नर नपुंसक होत नाही, जास्त झाली तर मिलनाला दुबळा ठरतो. ही यंत्रणा गटाकडे नाही, दुकानदाराकडेही नाही. किरण न देता सुटलेली माशी तुमच्याच मांडवावर येणार. जपानने ओकिनावातून हीच वेलवर्गीय पिकांवरची माशी संपवली, पण त्या मोहिमेला १९७२ ते १९९३ एवढा काळ लागला. तिथेही आधी सापळे आणि आमिष लावून माशी कमी केली, मग नर सोडले. ते आधीचे काम तुमच्या हातातले आहे.

सापळ्यातली, वासाने नर माशी ओढणारी वडी तपासा. मिथाइल युजेनॉल आंबा-पेरूच्या माशीसाठी. कारली-काकडीला क्यू ल्युअरच लागतो. ही चूक मी कितीतरी मांडवांत पाहिली आहे. फुलोऱ्याआधी हेक्टरी १० सापळे लावा. त्यात डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक टाका म्हणणाऱ्याचे ऐकू नका, त्यावर २०२० अखेरपासून बंदी आहे.

दर चार दिवसांची फवारणी आजच थांबवा. अंडी सालीखाली, अळी गरात, कोष मातीत. औषध पोचणार कुठे? तोडा दोन-तीन दिवसांआड, म्हणजे ते औषध गिऱ्हाइकाच्या ताटात जाते. मात्रा दुप्पट करूनही अळी मरत नाही. म्हणून मात्रा वाढवू नका.

प्रयोगशाळेत प्रौढ माशीला साखरेबरोबर यीस्टचे प्रथिन देतात, कारण प्रथिनाशिवाय मादीची अंडी नीट पक्व होत नाहीत. तिची ही भूक वापरा. प्रथिनयुक्त आमिषात लेबलवर तुमच्या पिकाचे नाव असलेलेच कीटकनाशक, दिलेल्या मात्रेत मिसळा. मांडवाच्या कडेला मका लावा, माशी तिथे विसावते. सकाळी मक्याच्या पानांवर या आमिषाचे ठिपके मारा, फळांवर नको.

सापळ्यांवर अनुदान आहे का, ते खरेदीआधी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.

सगळ्यात मोठे काम डागी फळांचे. बांधावर फेकलेले कारले म्हणजे माशीला आयते खाद्य. तोड्याला दोन पाट्या न्या. डागी फळे प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा किंवा दोन फूट खोल पुरा. शेजाऱ्यालाही करायला लावा, नाहीतर माशी तिकडून येत राहील.