विषय कोणते घ्यायचे ते नंतर. आधी लॉगिन मुलीकडे द्या

वडिलांचं पत्र:
मॅडम, मुलगी बारावी सायन्सला ७१ टक्के. इंजिनिअरिंगच्या सीईटीत मनासारखे पर्सेंटाइल न आल्याने बीएस्सीला प्रवेश घेतला, मुख्य विषय संख्याशास्त्र. कॉलेजच्या पोर्टलवरची विषयनोंदणी शुक्रवारी बंद होते. मी सर्व विषयांची एक्सेल शीट केली आहे, सोबत जोडत आहे. मायनरला (दुय्यम विषयाला) कॉम्प्युटर सायन्स घ्यावं, म्हणजे आयटीची डिग्रीही हातात राहील, असं आमचं मत. ओपन इलेक्टिव्हला (खुल्या ऐच्छिक विषयाला) तिने परस्पर 'चित्रपट रसग्रहण' टाकलं होतं. ते मी काढलं आणि डेटा अॅनालिटिक्स टाकून पाहिलं, पण पोर्टल घेत नाही. त्यानंतर तिला विचारलं तर 'तुम्हीच ठरवा' म्हणते. तिला यातलं काही कळत नाही, म्हणून लॉगिन माझ्याकडेच ठेवलं आहे. पुढे एमपीएससी किंवा एमसीए (कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी), असा विचार आहे. कोणतं कॉम्बिनेशन घ्यावं ते लवकर कळवावं.

उत्तर:
नमस्कार. तुमची शीट उघडून पाहिली. स्कोप, स्कोअरिंग, पॅकेज, स्पर्धा परीक्षेला उपयोग असे रकाने आहेत, रंगही दिले आहेत. मेहनत दिसते. मुलीबद्दलचा रकाना मात्र शोधूनही सापडला नाही. तिला गणितात किती मार्क होते, प्रॅक्टिकल आवडतं की वाचन, संख्याशास्त्र तिने स्वतः निवडलं की उरलेल्या जागांतून मिळालं, यातलं शीटमध्ये काही नाही आणि पत्रातही नाही.

कॉम्बिनेशनच्या प्रश्नाकडे मी येईन, पण उशिरा. त्याआधी तुमच्याच पत्रातला क्रम बघा. फॉर्म तुम्ही भरलात, शीट तुम्ही केलीत, पोर्टलशी झगडलात तुम्ही आणि मला लिहिलंतही तुम्हीच. या सगळ्या प्रकारात मुलीने आपणहून एकच गोष्ट केली. एका चौकोनात टिक केलं. ते तुम्ही काढलंत. काढल्यावर तिला विचारलंत आणि मग ती म्हणाली, 'तुम्हीच ठरवा'. तुम्ही याला होकार समजलात. तिला काही कळत नाही याचा पुरावाही समजलात. मला त्यात वेगळंच ऐकू येतं. आपण भरलेलं खोडलं जातं हे कळलेलं माणूस पुन्हा कशाला भरेल?

'तुम्हीच ठरवा' हे वाक्य माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारी बरीच मुलं म्हणतात, आणि बहुतेकदा आईवडील शेजारच्या खुर्चीवर असताना म्हणतात. पालकांना जरा बाहेर बसायला सांगितलं की तीच मुलं घडाघडा बोलू लागतात. सगळ्यांचं ठरलेलं असतं असं नाही, पण काय नको आहे हे बहुतेकांना पक्कं ठाऊक असतं. तुम्ही रागावू नका, पण तुमच्या पत्रात 'आमचं मत', 'असा विचार आहे' हे वाचताना मी दर वेळी थांबले. 'आमचं' म्हणजे नक्की कोणाचं? तिची आई यात आहे का? तिचा उल्लेखही कुठे नाही.

इंजिनिअरिंग हुकलं याचा सल कोणाला आहे, तेही पत्रातून कळतं. बीएस्सीला 'प्रवेश घेतला' हे तुम्ही असं लिहिलं आहे की जणू एखादी चूक कबूल करताय. मायनरला कॉम्प्युटर, ओपन इलेक्टिव्हला डेटा, पुढे एमसीए, हा सगळा खटाटोप त्या हुकलेल्या ब्रँचची भरपाई करण्यासाठी चाललाय, असं मला वाटतं. मुलगी ज्या वर्गात रोज जाऊन बसणार आहे त्या संख्याशास्त्राबद्दल मात्र पत्रात नावापलीकडे एक शब्द नाही.

आता पोर्टलबद्दल. ते बिघडलेलं नाही. राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचा जो आराखडा दिला, त्यात ओपन इलेक्टिव्ह हे मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. विज्ञान शाखेच्या मुलीने कला, वाणिज्य अशा दुसऱ्या शाखेतलं काही शिकावं, यासाठीच ती जागा आहे. तुमच्या कॉलेजात डेटा अॅनालिटिक्स विज्ञान शाखेकडे असणार, म्हणून ते नाकारलं गेलं. चित्रपट रसग्रहण मात्र नियमात बसत होतं. 'तिला यातलं काही कळत नाही' असं तुम्ही लिहिलंत, पण नियमात बसणारी निवड तिची होती आणि न बसणारी तुमची.

शिवाय ज्या मुलीचा मुख्य विषयच संख्याशास्त्र आहे तिला डेटा अॅनालिटिक्स चोरवाटेने आणायची गरज काय? माहिती गोळा करणं, तिचा नमुना निवडणं, अंदाज किती खरा आणि किती फसवा हे तपासणं, हे सगळं ती मुख्य विषयातच शिकणार आहे, आणि पाया तोच आहे. वरची सॉफ्टवेअरं बदलत राहतात. ती तिला स्वयम् किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचांवर शिकता येतील. विद्यापीठाने मान्य केलेला स्वयम् अभ्यासक्रम असेल तर त्याची क्रेडिटही, म्हणजे शिकलेल्या तासांवर मोजली जाणारी पदवीची एककं, धरली जातात.

मायनरबद्दल मात्र तुमचा मोठा गैरसमज आहे, आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. मायनर म्हणजे दुसरी डिग्री नव्हे. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात. त्यात मायनरचा वाटा १८ ते २० क्रेडिटचा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. वीस क्रेडिट धरली तरी तीन वर्षांत मिळून ३०० तास झाले. प्रॅक्टिकल असेल तर क्रेडिटमागे ३० तास, म्हणून थोडे जास्त. एवढ्यात माणसाला एखाद्या विषयाची बऱ्यापैकी ओळख होते, प्रोग्रामिंगची भीती जाते, पण 'आयटीची डिग्री' होत नाही. पदवी बीएस्सीचीच राहील आणि मुख्य विषय म्हणून संख्याशास्त्राचंच नाव लागेल. मुलाखत घेणारा मायनर बघतो तेव्हा एवढंच विचारतो की त्यात काय केलंस. ज्याने मनापासून केलं असेल त्याला उत्तर देता येतं. वडिलांनी घ्यायला लावलं म्हणून तीन वर्षं ढकललेल्या मायनरबद्दल काय सांगणार? मायनर त्याच विद्याशाखेतलाही चालतो, दुसऱ्या शाखेतलाही चालतो, त्यामुळे कॉम्प्युटर सायन्स घ्यायला नियमाची आडकाठी नाही. तिला कोडिंग आवडत असेल तर जरूर घ्यावं, संख्याशास्त्राशी ते छान जमतं. आवडतं का, हे तुम्हाला माहीत आहे?

एमसीएसाठी म्हणून हा मायनर घेत असाल तर तीही गरज नाही. आपल्याकडे बीएस्सी, बीकॉम किंवा बीए झालेल्याला एमसीएला बसता येतं. बारावीला किंवा पदवीला गणित असलेलं बरं, टक्केवारीची अट पाळावी लागते, सीईटी द्यावी लागते आणि प्रवेशानंतर विद्यापीठाने सांगितलेला ब्रिज कोर्स, म्हणजे राहिलेला पाया भरून काढणारा छोटा अभ्यासक्रम, करावा लागतो. संख्याशास्त्राच्या मुलीला गणिताची अडचण येऊ नये. एमपीएससी, यूपीएससी, बँक, यांना मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते, मायनर तिथे कोणी विचारत नाही.

मुख्य आणि दुय्यम विषय नक्की कधी ठरवायचे, हेही सगळीकडे सारखं नाही. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय समान वजनाने शिकवतात आणि दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर मेजर-मायनर ठरवायला सांगतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) चौकटीतही पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याच मोठ्या विद्याशाखेत मेजर बदलायची सोय आहे. तुमच्या कॉलेजचं माहितीपत्रक नीट वाचलं तर कदाचित असं निघेल की शुक्रवारी मायनरबद्दल द्यायचा आहे तो नुसता पसंतीक्रम. तसं असेल तर घरात एवढं वातावरण तापवायचं काही कारणच नव्हतं.

आता लॉगिन. ते आजच तिला द्या, पासवर्डसकट, आणि तिच्यासमोर आपल्या फोनमधून काढून टाका. हे मी भावनेच्या भरात सांगत नाही, व्यवहार म्हणूनही सांगते. ही नोंदणी एकदाची नाही. तीन वर्षांची सहा सत्रं आणि दर सत्राला विषयनोंदणी. तिच्या क्रेडिटचं खाते, म्हणजे अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी, डिजिलॉकरमधून आधारवर निघतो. कॉलेज आणि विद्यापीठ त्यात क्रेडिट जमा करतात. तिच्या आधारला मोबाइल क्रमांक बहुधा तुमचा जोडलेला असेल, बहुतेक घरांत तसंच असतं. मग पुढे ती हॉस्टेलवर असो, दुसऱ्या गावी इंटर्नशिपला असो, ओटीपी तुमच्या फोनवर येणार आणि ती तुम्हाला फोन लावत बसणार. आधार केंद्रावर जाऊन तिचा स्वतःचा क्रमांक जोडून घ्या. कॉलेजच्या कार्यालयातही तिचाच क्रमांक आणि तिचाच ईमेल द्या. सूचना त्यावर येतात, आणि त्या ज्याच्या फोनवर येतात तोच विद्यार्थी होऊन बसतो.

नोंदणी तिने कशी करावी, हे तिला वाचायला द्या. पुढचं तिच्यासाठी.

आधी वेळापत्रक मिळव, मग विषय निवड. माहितीपत्रकात वीस ओपन इलेक्टिव्ह छापलेली असतात, प्रत्यक्षात चालतात त्याहून कमी, कारण पुरेशी मुलं आली नाहीत तर विषय सुरूच होत नाही. काहींचा तास तुझ्या प्रॅक्टिकलच्या वेळेवरच आपटतो. म्हणून एकच विषय मनात धरू नकोस, दोन पर्याय हाताशी ठेव. विषयाच्या नावावर जाऊ नकोस, अभ्यासक्रमाची पीडीएफ उघड. घटक कोणते, अंतर्गत गुण कशाला, हे त्यात असतं. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठून विचार की तो विषय खरंच शिकवला जातो का. भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली यांत निवडीला वाव थोडाच असतो, तिथे डोकं शिणवू नकोस. एनएसएस, एनसीसी, खेळ यांतलं काही घ्यायचं असेल तर मात्र आधी चौकशी कर, कारण त्यांचे कार्यक्रम रविवारी आणि सुटीतही असतात.

सगळं भरून झालं की शेवटी सबमिट दाबलं गेलंय ना, ते पाहा. नुसतं सेव्ह करून निघून गेलेली मुलं दर वर्षी असतात. पावती उतरवून ठेव. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: कॉलेजातली विषयनोंदणी आणि विद्यापीठाचा परीक्षा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सत्राच्या मध्यावर परीक्षा अर्ज येईल तेव्हा पावतीवरचे विषयांचे कोड आणि अर्जातले कोड एकेक करून जुळवून बघ. वर्गात एक विषय शिकायचा आणि अर्जात दुसऱ्याचा कोड, असं झालं तर हॉल तिकिटावर भलताच पेपर येतो आणि मग पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी नंबर घेऊन खिडक्यांसमोर उभं राहावं लागतं.

पुन्हा तुमच्याकडे येते. शीट फेकू नका, तिला पाठवून द्या. तिला हवे ते रकाने ती वापरेल. तिने विचारलं तर तुमचं मत जरूर सांगा, तुम्ही नोकरीधंद्यात इतकी वर्षं काढली आहेत, त्याला किंमत आहे. न विचारता सांगायचं असेल तर एकदाच सांगा. आणि ते चित्रपट रसग्रहण तिने का निवडलं होतं हे तिला विचारा. विचारताना 'याचा उपयोग काय' हे शब्द वापरू नका. तुमच्या कॉलेजात ते दोन क्रेडिटचं असेल तर सगळं मिळून ३० तासांचं आहे. त्या तीस तासांनी तिच्या करिअरचं काय वाटोळं होणार होतं, ते मला तरी दिसत नाही. ७५ टक्के हजेरीची अट असते, आणि ज्या तासाला मूल स्वतःहून जातं तिथे ती आपोआप भरते. हे कारण तुम्हाला पटेल असं वाटतं.

तुम्ही विचारलेल्या कॉम्बिनेशनचं उत्तर मी देत नाही. शुक्रवारपर्यंत ती स्वतः ठरवेल, कच्चं ठरवेल, कदाचित दुसऱ्या वर्षी बदलेल. यातला बराचसा भाग दुरुस्त होण्यासारखा आहे.

तुम्ही काढलेल्या विषयाच्या जागा एव्हाना भरल्या असतील, ही शक्यता आहे. तसं असेल तर तिने संबंधित विभागात जाऊन प्रतीक्षा यादीत नाव घालावं. तास सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत मुलं विषय बदलतात आणि जागा सुटतात. अर्ज तिने लिहावा, तिनेच नेऊन द्यावा. नाहीच जमलं तर ओपन इलेक्टिव्ह एकाच सत्रापुरतं नसतं, त्याची पदवीत १० ते १२ क्रेडिट आहेत. पुढच्या सत्राची नोंदणी उघडेल तेव्हा तिने पुन्हा प्रयत्न करावा.