वाचकांचे प्रश्न : रस्ट शिकताना कम्पायलर अडवतो तेव्हा

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची १.० ही पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये आली आणि २०२२ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स कर्नलच्या ६.१ या आवृत्तीतही तिला जागा मिळाली. सी किंवा पायथन शिकलेले बरेच वाचक आता तिच्याकडे वळत आहेत, हे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांवरून दिसते. त्यांपैकी वारंवार विचारल्या जाणाऱ्या काही प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी विंडोजवर रस्ट बसवले, व्हीएस कोडही घेतला, तरी पहिलाच प्रोग्रॅम बिल्ड करताना लिंकर सापडत नसल्याचा संदेश येतो. रस्ट काढून पुन्हा बसवले, पण फरक पडला नाही. (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : रस्ट पुन्हा बसवून उपयोग होणार नाही, कारण जे अवजार कमी आहे ते रस्टसोबत येतच नाही. कम्पायलर आपल्या कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. परंतु ते तुकडे आणि प्रणालीच्या लायब्ररी जोडून चालणारी फाइल तयार करण्याचे शेवटचे काम लिंकर करतो, आणि विंडोजवर तो सहसा मायक्रोसॉफ्टच्या बिल्ड टूल्समधून घ्यावा लागतो. व्हीएस कोड हा फक्त एडिटर आहे, व्हिज्युअल स्टुडिओ हे निराळे उत्पादन आहे. नावांच्या या साधर्म्यापायी अनेकांची संध्याकाळ वाया जाते. व्हिज्युअल स्टुडिओ बिल्ड टूल्स डाउनलोड करून त्यातील सी प्लस प्लसचा डेस्कटॉप विभाग निवडावा. उबुंटूवर असाच संदेश आल्यास 'बिल्ड-इसेन्शियल' हे पॅकेज पुरते.

प्रश्न : मी पायथनमधून आलो आहे. नावांची यादी एका फंक्शनला दिली आणि पुढच्याच ओळीत तिची लांबी छापायला गेलो, तर मूल्य 'मूव्ह' झाल्याची, ई०३८२ क्रमांकाची त्रुटी येते. साध्या पूर्णांकाच्या बाबतीत असे होत नाही. मित्राच्या सांगण्यावरून जागोजागी क्लोन (मूल्याची प्रत करणारी सोय) लावले आणि प्रोग्रॅम चालू लागला. हे योग्य आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : प्रोग्रॅम चालू लागला, पण कम्पायलर काय विचारत होता ते बाजूलाच राहिले. व्हेक प्रकारची यादी दोन ठिकाणी राहते. प्रत्यक्ष नावे हीपमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना मागून घेतलेल्या मेमरीत असतात. व्हेरिएबलमध्ये मात्र त्या जागेचा पत्ता, यादीची लांबी आणि राखून ठेवलेली क्षमता एवढेच असते, म्हणजे ६४ बिट यंत्रावर अवघे २४ बाइट. आपण यादी फंक्शनला देता तेव्हा हे २४ बाइटच पुढे जातात, नावे जागची हलत नाहीत. आता एकाच जागेचा पत्ता दोघांकडे असेल आणि दोघेही आपापले काम संपताना ती मेमरी मोकळी करू लागले, तर एकच जागा दोनदा मोकळी होईल. सीमध्ये असा प्रोग्रॅम निमूटपणे कम्पाइल होतो आणि त्याचे परिणाम कधी तत्काळ, तर कधी तिसऱ्याच ठिकाणी दिसतात. पायथनमध्ये प्रत्येक वस्तू किती ठिकाणांहून वापरली जात आहे याची मोजणी प्रोग्रॅम चालू असताना होते, म्हणून हा प्रश्न आपल्यासमोर कधी आलाच नाही. रस्ट ती मोजणी टाळते आणि मालक एकच, असा नियम ठेवते: यादी फंक्शनला दिली की मालकी तिकडे गेली आणि जुने नाव बाद झाले. पूर्णांकाला मोकळी करावी अशी स्वतंत्र मेमरीच नसल्यामुळे त्याची सरळ प्रत होते आणि कोणीही बाद होत नाही.

तेव्हा स्वतःला विचारायचे ते एवढेच, की त्या फंक्शनला यादीची मालकी हवी आहे की ती फक्त वाचायची आहे. बहुतेक वेळा फक्त वाचायची असते. अशा वेळी पॅरामीटरचा प्रकार &[स्ट्रिंग] असा ठेवावा आणि फंक्शनला हाक मारताना यादीच्या नावाआधी & हे चिन्ह लावावे. फॉर लूपमध्येही थेट यादीवर फिरल्यास ती लूपमध्येच संपते. तेथेही हेच चिन्ह उपयोगी पडते.

क्लोन वापरण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, जरी काही शिकवण्या तसे भासवतात. प्रोग्रॅमच्या आरंभी एकदा वाचलेल्या दोन-चार स्ट्रिंगची प्रत केल्याने काहीही बिघडत नाही. मात्र क्लोन म्हणजे हीपमधील प्रत्येक नावासाठी नवी जागा घेऊन संपूर्ण प्रत करणे होय, आणि लाखभर ओळींवर फिरणाऱ्या लूपमध्ये ते जाणवते. आणखी एक सवय लावून घ्यावी: टर्मिनलवर 'रस्टसी' या कम्पायलरच्या आज्ञेला 'एक्सप्लेन' हा पर्याय आणि त्रुटीचा क्रमांक द्यावा, म्हणजे चुकीच्या व दुरुस्त कोडसह स्पष्टीकरण मिळते.

प्रश्न : यादीतील पहिल्या घटकाचा रेफरन्स (त्याच्या जागेकडे बोट दाखवणारा पत्ता) घेऊन ठेवला, नंतर यादीच्या शेवटी नवा घटक पुश केला आणि मग तो रेफरन्स छापला. ई०५०२ ही त्रुटी येते. पहिल्या घटकाला तर मी हातही लावलेला नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपण लावला नसला तरी पुश लावू शकते. राखलेली क्षमता संपली की व्हेक हीपमध्ये मोठी जागा मागते, सगळे घटक तिकडे नेते आणि जुनी जागा सोडून देते. आपला रेफरन्स मात्र त्या सोडलेल्या जागेकडेच बोट दाखवत राहिला असता. २०१८ च्या आवृत्तीपासून रेफरन्सची मुदत ब्लॉकच्या शेवटापर्यंत नव्हे, तर त्याच्या अखेरच्या वापरापर्यंतच धरली जाते, म्हणून छापण्याची ओळ पुशच्या वर नेली तरी पुरे. घटक साधी संख्या असेल तर रेफरन्सऐवजी तिची प्रत घ्यावी.

प्रश्न : नावाचे आद्याक्षर काढण्यासाठी स्ट्रिंगचा ० ते १ असा स्लाइस (तुकडा) घेतला. रोमन लिपीतील नावांवर सर्व ठीक चालले, परंतु मराठी नाव देताच प्रोग्रॅम पॅनिक होऊन थांबला. (एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : रस्टची स्ट्रिंग यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत साठवलेली असते आणि स्लाइसमधील आकडे अक्षरे नव्हे, तर बाइट मोजतात. रोमन अक्षर एका बाइटात मावते, देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. त्यामुळे ० ते १ म्हणजे 'म'चा एक तृतीयांश तुकडा ठरतो आणि रस्ट तो द्यायला नकार देते. 'मराठी' या शब्दाची 'लेन' (लांबी) १५ येते. 'चार्स' वापरल्यास ५ चिन्हे मिळतात, कारण काना आणि वेलांटी तेथे स्वतंत्र मोजली जातात. वाचकाच्या दृष्टीने मात्र अक्षरे तीनच. 'चार्स' उलट क्रमाने फिरवून शब्द उलटा करू गेल्यास 'ठी'ची वेलांटी सर्वांत पुढे निराधार येते आणि 'रा'चा काना 'ठ'ला जाऊन चिकटतो.

आद्याक्षरासाठी 'चार्स'मधील पहिले चिन्ह घेतल्यास 'मीना'चे 'म' मिळेल, 'मी' नाही. पूर्ण अक्षर हवे असल्यास 'युनिकोड-सेगमेंटेशन' हे क्रेट (वेगळी जोडायची लायब्ररी) घ्यावे. प्रमाण लायब्ररीत ही सोय नाही. 'क्ष'सारखी देवनागरी जोडाक्षरे न तोडण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला, म्हणून क्रेटची आवृत्ती अलीकडची असावी. चाचणीच्या नावांत 'ज्ञानेश्वर' आणि 'क्षमा' यांचा समावेश करावाच. केवळ रोमन नावांवर तपासलेला प्रोग्रॅम आपल्याकडे तपासलेला मानता येत नाही.

प्रश्न : कीबोर्डवरून घेतलेला '४२' हा आकडा पार्स होत नाही, म्हणजे मजकुराची संख्या होत नाही. मी तो इंग्रजी अंकांतच टाइप केला होता. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : 'रीड लाइन' एंटरचे चिन्हही स्ट्रिंगमध्ये ठेवते, पार्सपूर्वी 'ट्रिम' वापरावे. लूपमध्ये तीच स्ट्रिंग पुन्हा वापरत असाल तर प्रत्येक वेळी आधी 'क्लिअर' करावी, कारण नवी ओळ जुन्या मजकुराच्या शेवटी जोडली जाते.

प्रश्न : रस्ट वेगवान म्हणतात, पण माझा हिशेबाचा प्रोग्रॅम संथ वाटला. 'रिलीज' पर्यायाने चालवल्यावर वेग वाढला, मात्र शिल्लक ४२९४९६७२९४ अशी दिसू लागली. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : साध्या बिल्डमध्ये कम्पायलर फारसे ऑप्टिमायझेशन करत नाही, म्हणून वेग नेहमी रिलीज बिल्डवरच मोजावा. आपल्या शिल्लकेचा प्रकार यू३२ असावा आणि ३ मधून ५ वजा झाले असावेत. या प्रकारात ऋण संख्या बसत नाही. साध्या बिल्डमध्ये अशी वजाबाकी पॅनिक करून थांबते, रिलीजमध्ये ही तपासणी मुळात बंद असते आणि उत्तर वरच्या टोकाकडून फिरून येते. प्रोग्रॅमच्या 'कार्गो' (रस्टचे बिल्ड करणारे अवजार) फाइलमध्ये रिलीजसाठीही ओव्हरफ्लो तपासणी चालू करता येते. त्याहून बरे म्हणजे 'चेक्ड सब' वापरून वजाबाकी शक्य नसल्यास काय करायचे ते कोडमध्येच लिहावे. आणि खात्यावर उणे शिल्लक राहणे व्यवहारात संभवत असेल, तर तिच्यासाठी आय६४ हा ऋण संख्याही ठेवणारा प्रकार घ्यावा.