ऑक्टोबरमध्ये घराजवळच्या तळ्यात फ्लाय रॉडने ब्लूगिल आणि बास कसे धरावेत?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत घरामागे लहान तळं आहे, ५ नंबरचा (मध्यम वजनाच्या दोरीचा) फ्लाय रॉड, म्हणजे ‘माशी’ नावाचं हलकं नकली आमिष फेकायची काठी आहे, सप्टेंबरपर्यंत पॉपरवर, म्हणजे तरंगत्या माशीवर, ब्लूगिल हे छोटे चपटे मासे लागत होते आणि आता काहीच लागत नाही. लहानपणी कोकणात गरवलेलं असल्याचंही लिहिलंय, त्याचा इथे उपयोग होईल.

मासे कुठे गेलेले नाहीत, फक्त खाली उतरलेत. पाणी ६० अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे साधारण १५ सेल्सियसच्या खाली गेलं की तळहाताएवढे ब्लूगिल काठ सोडतात आणि ५ ते १० फूट खोलीवर, उताराच्या कडेला थव्याने थांबतात. काठाला उरतात ती बोटभर पिल्लं. त्यामुळे आता पॉपर डब्यात ठेवा आणि पाण्याचं थर्मामीटर खिशात.

सकाळी लवकर जाण्याची सवयही सोडा. शरद ऋतूत दुपारी १ ते ४ ही वेळ चांगली. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उत्तरेकडच्या काठाला ऊन जास्त वेळ लागतं. सुरुवात तिथून करा. पाणवनस्पती अजून हिरव्या असतील तिथे मासे सापडतील. तपकिरी, कुजायला लागलेल्या जागा टाळा, कारण कुजताना त्या पाण्यातला प्राणवायू खातात.

ब्लूगिलसाठी ९ फुटी लीडर (जाड दोरी आणि माशी यांना जोडणारा बारीक, पारदर्शक धागा), टोकाला ४एक्स टिपेट (लीडरचा शेवटचा, सगळ्यात बारीक तुकडा; एक्सचा आकडा मोठा तितका तो बारीक) आणि मणी लावलेली ऑलिव्ह रंगाची, १० नंबरच्या गळावरची वुली बगर ही बुडणारी केसाळ माशी. आकड्याकडे लक्ष द्या: नंबर जितका मोठा, गळ तितका लहान. ब्लूगिलचं तोंड छोटं असतं. ६ नंबरच्या गळावर नुसते टोचे जाणवतात, मासा लागत नाही; उलट १४ नंबरचा गळ तो थेट घशात घेतो.

माशी पाण्यात पडली की मनात ५ पर्यंत मोजा, मग ओढा. पुढच्या फेकीला १०, त्यापुढे १५. गवत अडकलं तर दोनने कमी करा. ज्या आकड्यावर पहिला मासा लागला, तोच आकडा धरून ठेवा. थवा त्याच खोलीवर असतो. बहुतेकजण इथेच चुकतात, माशी खाली पोहोचायच्या आत ओढायला लागतात.

ओढायचंही अगदी हळू: चार इंच, थांबा, पुन्हा चार इंच. रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं हवं. ते वर राहिलं तर दोरीला झोळ पडतो आणि घास कळतच नाही. दोरी पाण्यात शिरते त्या बिंदूवर नजर ठेवा. तो इंचभर बाजूला सरकला, किंवा बुडता बुडता थबकला, की मासा आहे. रॉड उचलून झटका देऊ नका. डाव्या हाताने दोरी फूटभर सरळ ओढा.

आता फेकण्याबद्दल. गरवताना शिशाचं वजन गरीला घेऊन जातं. इथे वजन असतं ते दोरीलाच, म्हणून ती मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबावं लागतं. घाई केलीत तर चाबकासारखा फटकार ऐकू येतो आणि माशी तुटून जाते. मागे झाडं असतील तर रोल कास्ट, म्हणजे दोरी मागे न उडवता फेक करा: रॉड सावकाश कानापाशी आणा, दोरीचा झोळ मागे लोंबू द्या, क्षणभर थांबा आणि पुढे मारा. ३० फूट अंतर पुरे.

बास या मोठ्या शिकारी माशासाठी साडेसात फुटी लीडर, २एक्स टिपेट आणि ६ नंबरचा ऑलिव्ह-पांढरा क्लाउझर मिनो, म्हणजे छोट्या माशासारखी दिसणारी, जड डोळ्यांची माशी. याहून मोठी, केसाळ माशी ५ नंबरच्या रॉडला वाऱ्यात झेपत नाही. क्लाउझरच्या जड डोळ्यांमुळे गळाचं टोक वरच्या बाजूला राहतं, त्यामुळे तळाचा पाला कमी अडकतो. गळलेली पानं वारा ज्या काठाला लोटतो, तो काठ सोडा. वारा पाठीवर घेऊन फेका.

गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका. ब्लूगिल ओल्या हाताने, डोक्याकडून शेपटीकडे पाठीचे काटे दाबत धरा. १६ ते ६९ वयाला राज्याचं मासेमारी लायसन्स लागतं.

पाणी ५० अंशांच्या खाली गेलं की बगरऐवजी १२ नंबरची हेअर्स इअर निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी माशी) इंडिकेटर, म्हणजे घास दाखवणारा छोटा तरंगता गोळा, याच्याखाली ६ फुटांवर टांगा आणि जवळजवळ स्थिर ठेवा.