शिकारीचे जुने कॉम्प्युटर गेम आठवतात का? त्यात एवढं काय होतं की लोक अजून ते शोधत बसतात? (उदा. डक हंट, कार्निव्होर्स)

आठवतात की, चांगलेच आठवतात. फक्त तुम्ही प्रश्नाच्या खाली बदकं पाडायचा डक हंट आणि डायनासोरच्या शिकारीचा कार्निव्होर्स दोन्ही एकाच ओळीत टाकलेत ते मला काही पटलं नाही, कारण शिकारीच्या गेममध्ये सरळसरळ दोन जाती आहेत. एक नुसती नेमबाजीची आणि दुसरी दबा धरून बसण्याची. आठवण दोन्हींची येते, पण लोक अजून शोधत फिरतात ते दुसऱ्या जातीचे, असं माझं मत.

पहिली जात आधी उरकतो. डक हंट हा निन्टेंडो या जपानी कंपनीचा १९८४ चा गेम, पण आपल्याकडे निन्टेंडोचं खरं मशीन कोणाकडे होतं, आपण सगळे तो खेळलो टीव्हीला जोडायच्या त्या नकली व्हिडिओ गेमवर, कॅसेटवर ९९९९ इन वन छापलेलं आणि आत तेच मोजके गेम नावं बदलून परत परत. सोबत प्लास्टिकची बंदूक. त्या बंदुकीची गंमत मला फार नंतर कळली, की तिच्यातून काही सुटतच नाही! ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर पूर्ण काळी होते, मग बदक जिथे असेल तिथे पांढरा चौकोन येतो, आणि नळीतल्या सेन्सरला काळ्यानंतर तो पांढरा उजेड दिसला तर बदक पडलं. म्हणजे गोळी टीव्हीकडून बंदुकीत येते म्हणा ना. त्यामुळेच काचेला नळी चिकटवून मारणारी पोरं नेहमी जिंकायची, आणि त्यामुळेच आता माळ्यावरून तो डबा काढून एलसीडी टीव्हीला जोडलात तर बंदूक ढिम्म चालत नाही, कारण तो सगळा हिशोब जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेळेवर बसवलेला, नवीन टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर लावतो तेवढ्यात खेळ खल्लास. अजून एक, एका बदकाच्या खेळात दुसरा रिमोट ज्याच्या हातात असेल त्याला बदक हलवता येतं. हे माहीत असलेला मोठा भाऊ घरात असेल तर तुमचं बालपण किती छळात गेलं असेल ते मी समजू शकतो. आणि वर नेम चुकला की गेममधला तो कुत्रा गवतातून डोकं काढून हसणार!

याच जातीतला जर्मनीतला मोरहून नावाचा गेम, १९९९ चा. मुळात जॉनी वॉकर व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी बनवलेला, नव्वद सेकंदात जमतील तेवढ्या कोंबड्या पाडा एवढंच, आणि २००० च्या सुमारास तिकडची ऑफिसंच्या ऑफिसं त्यात बुडाली होती. मजा आहे, नाही कोण म्हणतंय. पण त्यात सावज तुमच्यासमोर आपणहून उडत येतं.

दुसऱ्या जातीचं मूळ बघायचं तर पार १९७३ ला जावं लागतं. ग्रेगरी योब नावाच्या माणसाने हंट द वम्पस लिहिला, त्यात चित्र म्हणून नाहीच, नुसता मजकूर. वीस गुहा, प्रत्येक गुहेतून तीन वाटा, कुठेतरी वम्पस नावाचा राक्षसी प्राणी झोपलाय आणि तुमच्याकडे पाच बाण. शेजारच्या गुहेत तो असेल तर मशीन सांगणार की वम्पसचा वास येतोय. शेजारी खड्डा असेल तर सांगणार वारं लागतंय. त्यावरून कागदावर नकाशा काढत काढत अंदाज बांधायचा आणि बाण सोडायचा, चुकला तर तो जागा होऊन तुमच्याच गुहेत यायची भीती. मी हा फार उशिरा इंटरनेटवर खेळलो आणि खरं सांगतो, रात्री एकटा बसून खेळताना त्या एका ओळीने पोटात गोळा येतो. लक्षात घ्या, शिकारीला लागणारे वारा आणि वास तिथेच आलेत, आणि स्क्रीनवर जनावर एकदाही दिसत नाही.

मग डीअर हंटर, १९९७. याची कथा भारी आहे. गेमवाल्यांच्या डोक्यात हा गेम आलाच नव्हता, अमेरिकेतल्या वॉलमार्ट दुकानांकडून मागणी आली की आमच्याकडे शिकारीचं सामान घ्यायला एवढं गिऱ्हाईक येतं, त्यांच्यासाठी एखादा गेम द्या. सनस्टॉर्म नावाच्या छोट्या कंपनीने तो काही महिन्यांत उरकला, विझार्डवर्क्सने साधारण वीस डॉलरला विकायला ठेवला, आणि १९९८ मध्ये तो तिकडे विक्रीत पहिल्या नंबरवर जाऊन बसला. गेमच्या मासिकांनी नाकं मुरडली, हा काय गेम आहे का, नुसतं झाडाझुडपांकडे बघत बसायचं. आणि त्यांचं खोटं नव्हतं! नकाशावर हरणाचे माग बघायचे, जागा निवडायची, की समोर एक लांबलचक चित्र, माऊसने डावीकडे उजवीकडे मान फिरवायची, चालता येत नाही. शिंगं एकमेकांवर आपटल्याचा आवाज काढायचा, हाक द्यायची, आणि बसायचं. कधीकधी लांब तपकिरी ठिपका हलायचा. बस. आता मला वाटतं चालता येत नव्हतं तेच बरं होतं, कारण खऱ्या मचाणावरचा माणूस तरी कुठे चालतो? दुसऱ्या भागात थ्रीडी आलं, पायी फिरता यायला लागलं आणि माझ्या लेखी अर्धी मजा तिथेच गेली.

आता कार्निव्होर्स. १९९८, बनवणारे युक्रेनमधल्या कीव्हचे अ‍ॅक्शन फॉर्म्स, विकणारे परत तेच विझार्डवर्क्स. लांबच्या कुठल्यातरी ग्रहावर डायनासोर सापडलेत आणि एक कंपनी पैसे घेऊन लोकांना शिकारीला नेते, गोष्ट एवढीच. आमच्याकडे तो आला मित्राच्या मित्राने कॉपी केलेल्या सीडीवर, मशीनमध्ये थ्रीडी कार्ड नाही त्यामुळे सगळं चौकोनी चौकोनी दिसायचं, तरी लांब टेकडीपर्यंत नजर जायची आणि तिथे काहीतरी चरतंय हे दुर्बिणीतून बघायचं म्हणजे काय सुख होतं. आणि स्क्रीनवर होकायंत्रासोबत वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. आम्हा पोरांना तो बाण म्हणजे शोभेचा वाटायचा. बंदूक घेऊन सरळ धावत सुटायचं आणि जनावर कायम आधीच पळालेलं, मग गेमलाच शिव्या.

एकदा सुट्टीत मामा आले होते आजऱ्याहून. त्यांच्याकडे गवे शेतात घुसतात, ऊस तुडवतात, म्हणून राखणीला रात्र रात्र माळ्यावर काढलेली. कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही. मागे चहाचा कप घेऊन उभे राहिले, पाच मिनिटं बघितलं, तो बाण कशाचा म्हणून विचारलं, मी म्हटलं वाऱ्याचा. तर म्हणाले, "आरं मग वारं तुझ्या पाठीवर हाय की! तुझा वास म्होरं चाललाय, ते जनावर कशाला थांबंल? वळसा घाल, पलीकडनं ये." आलो पलीकडून. हळूहळू, पळायचं नाही असं त्यांनीच बजावलेलं, आणि तो पॅरासॉरोलोफस नावाचा शाकाहारी डायनासोर मान खाली घालून चरतोच आहे. मी गोळी झाडायच्या आत मामा म्हणाले, "बघितलंस?" आणि कप ठेवायला आत निघून गेले, पुढे काय झालं ते बघायलाही थांबले नाहीत.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौसेची शिकार बंदच आहे, त्यामुळे अमेरिकन माणसाला डीअर हंटरमध्ये वडिलांबरोबरचा जंगलातला, शिकारीच्या हंगामातला नोव्हेंबर आठवत असेल तसं आपल्याला काही आठवायचा प्रश्नच नाही. गोळी मारण्याचे गेम तर तेव्हाही ढिगाने होते. आपल्याला आठवतं ते जनावराच्या नाकाचा आणि कानाचा विचार करत पुढे सरकणं. कार्निव्होर्समध्ये रडार घेतलं किंवा अंगाचा वास लपवणारं औषध घेतलं की गुण कापले जायचे, बेशुद्धीची गोळी वापरली तर उलट वाढायचे, म्हणजे गेमच सांगत होता की बाबा सोपं करून घ्यायचं असेल तर घे पण तेवढा मान कमी. टी रेक्स तर डोळ्यात गोळी बसल्याशिवाय मरतच नव्हता, बाकी अंगावर किती मारा. त्याला बघून पळणं हाही खेळाचा भाग होता आणि त्यात कमीपणा वाटायचा नाही.

नंतर मोबाईलवर डीअर हंटर नावानेच जे आलं ते मी डाउनलोड करून बघितलं. हरीण समोर उभं, मार, पुढचं हरीण, मार, मग एनर्जी संपली, थांबा नाहीतर पैसे टाका. ती पहिली जातच झाली परत, फक्त कुत्रा हसायचा राहिला.

आता खेळायचंच असेल तर नवीन मशीनवर द हंटर कॉल ऑफ द वाइल्ड बघा, २०१७ चा आहे, त्यात वारा, माग, आवाज सगळं नीट आहे, मोकळा वेळ मात्र भरपूर पाहिजे. पण जुना कार्निव्होर्स कुठे मिळाला तर आधी तोच. पहिल्यांदा पॅरासॉरोलोफसच घ्या, तो अंगावर येत नाही, आणि रडार घेऊ नका.